उजेड पडला की थांबणारी वीज

पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूच्या मागे काय दडले आहे, हे बाहेरून कळत नाही. बाहुली पांढरी झालेली असते. टॉर्चचा उजेड आत जातो, पण डॉक्टरांची नजर पडद्यापर्यंत पोहोचत नाही. भिंग काढून नवे बसवले आणि मागचा पडदाच निकामी निघाला, तर शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही म्हातारीला नातवाचे तोंड दिसत नाही. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांच्या हातून एक लाखाहून अधिक मोतीबिंदू निघाले, २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत ‘डोळ्याचे ऑपरेशन’ ही आता भीतीची गोष्ट राहिलेली नाही. पण मोतीबिंदूच्या मागचा पडदा जिवंत आहे का, हा प्रश्न प्रत्येक पांढऱ्या बाहुलीपाशी उभा असतो.

दुसरा प्रश्न लहान मुलांचा. दिवसा शाळेत फळ्यावरचे वाचणारे पोर दिवेलागण झाली की उंबऱ्याला ठेचकाळते, अंगणातल्या बाजेला धडकते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा आपल्याकडे ओळखीचा आहे; १९७० पासून सरकार मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देत आले आहे. पण काही मुलांना डोस देऊन, शेवगा-पपई खाऊ घालून काहीही फरक पडत नाही. डॉक्टर पडदा तपासतात, तर तो पाहायला ठाकठीक.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच तपासणीत आहे. तिला दवाखान्यात ‘ईआरजी’ म्हणतात. हृदयाचा ईसीजी काढतात तसा पडद्याच्या विजेचा आलेख. तो आलेख माणसाच्या हाती लवकर आला. त्याचा अर्थ लागायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला. इतका वेळ का लागला, याचे कारण मला यंत्रांपेक्षा एका गैरसमजात दिसते. उजेड पडला म्हणजे डोळ्यात काहीतरी सुरू होत असणार, असे सगळ्यांनीच धरले होते.

सुरुवात १८४९ सालची. बर्लिनचे एमिल द्यु ब्वा-रेमोंड प्राण्यांच्या स्नायूंतली आणि मज्जातंतूंतली वीज मोजत होते. त्यांनी एका गोड्या पाण्यातल्या माशाचा डोळा घेतला आणि पुढचा भाग व मागचा भाग यांच्यात सतत थोडा विद्युतदाब असतो हे दाखवले. पुढची बाजू धन, मागची ऋण. डोळा हा एक बारीकसा सेल आहे म्हणा ना. मग स्वीडनमधल्या उप्साला इथे फ्रिथ्यॉफ होल्मग्रेन यांनी बेडकाच्या डोळ्यावर हाच प्रयोग उजेड-अंधार करून पाहिला. उजेड पडताच दाब हलला. उजेड काढताच पुन्हा हलला. साल १८६५.

त्याच १८६५ मध्ये ऑस्ट्रियातले अर्नस्ट माख वेगळ्याच वाटेने डोळ्यापाशी आले होते. करड्या रंगाच्या फिक्या आणि गडद पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्या, तर जोडावर फिकी पट्टी जास्तच फिकी आणि गडद पट्टी जास्तच गडद भासते. कागदावर तसे काहीच नसते. माख यांनी अनुमान काढले की पडद्यावरचा प्रत्येक बिंदू शेजारच्या बिंदूला दाबतो, आवर घालतो. हे अनुमान निव्वळ गणिताचे होते, हाताशी एकही तार नव्हती. होल्मग्रेनकडे वीज होती पण अर्थ नव्हता. माखकडे अर्थ होता पण वीज नव्हती. दोघांच्या वाटा एकत्र यायला पुढची ऐंशी-नव्वद वर्षे जायची होती.

१८७३ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स ड्युअर आणि जॉन मॅककेंड्रिक यांनी होल्मग्रेनच्या कामाचा पत्ता नसताना तोच शोध पुन्हा लावला. हे ड्युअर म्हणजे पुढे थर्मासच्या मूळ निर्वात फ्लास्कमुळे प्रसिद्ध झालेले. १८७७ मध्ये त्यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याची प्रतिक्रियाही टिपली. डोळ्याभोवती मातीचे आळे, त्यात खारे पाणी, पाण्यात तार, आणि त्या माणसाने पापणी न हलवता बसायचे.

आपल्याकडे हा विषय पोहोचला तो कोलकात्यात, जगदीशचंद्र बसू यांच्या हातून. १९०२ साली निघालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात सजीव आणि निर्जीव यांच्या विद्युतप्रतिक्रिया शेजारी-शेजारी मांडताना त्यांनी एक कृत्रिम डोळाच घडवला. चांदीची सळई घेतली, तिचे एक टोक ठोकून वाटीसारखे खोलगट केले, वाटीच्या आतल्या अंगाला ब्रोमीनची वाफ दिली, वाटीत पाणी भरले आणि गॅल्व्हानोमीटर जोडला. वाटीवर उजेड पडला की काटा हले. ही प्रतिक्रिया बेडकाच्या पडद्याच्या प्रतिक्रियेशी किती जुळते, हे त्यांनी बारकाईने दाखवले. प्रयोग देखणा होता. पण साम्य आलेखाच्या बाह्य आकारापुरते होते. बेडकाच्या पडद्यात एकामागे एक थर आहेत आणि प्रत्येक थराची बोली वेगळी आहे, हे चांदीच्या वाटीतून कळण्यासारखे नव्हते.

थर वेगळे होऊ लागले ते उपकरण सुधारल्यावर. हॉलंडमधल्या लायडनचे विलेम आइन्थोव्हेन यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या क्वार्ट्झच्या अतिबारीक तंतूचा गॅल्व्हानोमीटर बनवला. त्यानेच ईसीजी जन्माला घातला आणि १९२४ चे नोबेल मिळवून दिले. १९०८ साली त्यांनी विल्यम जॉली यांच्यासह तेच उपकरण बेडकाच्या डोळ्याला लावले आणि आलेखातल्या लाटांना नावे दिली. उजेड पडताच आधी एक छोटी खाली जाणारी लाट, ती ‘ए’. लगोलग उंच वर जाणारी ‘बी’. आणि रेंगाळत येणारी ‘सी’. आजही ईआरजीच्या कागदावर हीच अक्षरे लिहितात.

पण ही लाट कुणाची? पडद्यात कोट्यवधी पेशी, आणि तार एकच, तीही बाहेर. यात्रेतला गलका वेशीबाहेर उभे राहून ऐकावा आणि त्यातला हलगीवाला कोण, पाळणेवाला कोण हे ओळखावे, असे ते काम होते. फिनलंडचे रॅग्नर ग्रॅनिट यांनी त्यावर युक्ती काढली: एकेकाला गप्प करायचे. ऑक्सफर्डला चार्ल्स शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी मांजराला ईथरची भूल दिली आणि ती हळूहळू वाढवत नेली. आलेखातले घटक एकामागून एक मावळत गेले. आधी ‘सी’ लाट घडवणारा, मग ‘बी’ लाटेचा, आणि शेवटपर्यंत टिकला तो ‘ए’ लाटेचा ऋण घटक. १९३३ साली ग्रॅनिट यांनी हे तीन घटक मावळण्याच्या क्रमाने मांडले. आज आपल्याला ठाऊक आहे की ‘ए’ लाट प्रकाश झेलणाऱ्या दंडपेशी-शंकुपेशींची आहे, ‘बी’ त्यांच्या पुढच्या द्विध्रुवी पेशींची, आणि ‘सी’ प्रामुख्याने मागच्या रंगद्रव्याच्या थराची.

शेरिंग्टन यांच्या हाताखाली काम केल्याचा ग्रॅनिटना आणखी एक फायदा झाला. मज्जासंस्थेत आवर घालणे हे चेतवण्याइतकेच खरे काम आहे, हा शेरिंग्टन यांचा आग्रह. ग्रॅनिट यांनी तो पडद्यावर लावून पाहिला आणि उजेड डोळ्यातल्या हालचालीला दाबूही शकतो हे दाखवले. तिकडे अमेरिकेत केफर हार्टलाइन हे घोड्याच्या नालासारख्या दिसणाऱ्या समुद्री खेकड्याच्या डोळ्यातून एकेक तंतू सुटा करून ऐकत होते. प्रयोगशाळेतला दिवा लागला की तंतूचे ठोके वाढायच्या ऐवजी कमी होतात, असे त्यांच्या ध्यानात आले. या खेकड्याचा डोळा अनेक बारीक डोळुल्यांचा बनलेला असतो; शेजारच्या डोळुल्यांवर पडलेला उजेड या डोळुल्याला दाबत होता. हेन्री वॅग्नर आणि फ्लॉइड रॅटलिफ यांच्यासह १९५६ साली त्यांनी ते आकड्यांत मांडले. माख यांचे १८६५ चे अनुमान आता तारेवर उमटले होते. ग्रॅनिट, हार्टलाइन आणि पडद्यातले अ जीवनसत्त्व शोधणारे जॉर्ज वॉल्ड या तिघांना १९६७ चे नोबेल मिळाले.

दरम्यान आलेख प्रयोगशाळेतून दवाखान्यात आला होता. लोरिन रिग्स यांनी १९४१ मध्ये कॉन्टॅक्ट लेन्समध्येच तार बसवली, त्यामुळे रुग्णाला तासन्‌तास पुतळ्यासारखे बसायची गरज उरली नाही. स्टॉकहोमला योस्टा कार्पे यांनी १९४५ साली दाखवले की रेटिनायटिस पिगमेंटोसा या हळूहळू दृष्टी नेणाऱ्या आनुवंशिक आजारात आलेख जवळजवळ सपाट होतो. आणि १९५२ साली शुबर्ट आणि बोर्नशाइन यांनी जन्मजात रातांधळ्या लोकांचा एक चमत्कारिक आलेख प्रसिद्ध केला. त्यात ‘ए’ लाट व्यवस्थित होती आणि ‘बी’ लाट नव्हतीच. म्हणजे उजेड झेलणारी पेशी शाबूत आणि तिचा निरोप पुढे जात नाही. निरोप कुठे अडतो हे सांगायला तेव्हा कुणाकडेच साधन नव्हते.

खरा धक्का पुढे होता. १९५३ साली गुन्नार स्वेतिचिन यांनी माशाच्या पडद्यात अतिबारीक काचेची नळी घुसवून पेशीच्या आतला दाब मोजला, तर उजेड पडताच तो आणखी ऋण होत होता. चेतलेल्या पेशीत नेहमी उलटे घडते. पुढे कळले की ती पेशी शंकुपेशी नसून तिच्या शेजारची आडवी पेशी होती. पण १९६५ मध्ये जपानच्या त्सुनेओ तोमिता यांनी कार्प माशाच्या खऱ्या शंकुपेशीत शिरकाव केला. त्यांची युक्ती सांगण्यासारखी आहे: पेशी इतकी लहान की नळी आत जाण्याऐवजी तिला बाजूला ढकलते, म्हणून त्यांनी पडद्यालाच खालून झटके देऊन तो नळीच्या टोकावर आदळवला. तिथेही तेच दिसले. उजेड पडला की शंकुपेशी शांत होते. १९७० साली विल्यम हेगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलीसुरली शंका मिटवली. दंडपेशीतून अंधारात सतत प्रवाह वाहत असतो आणि उजेड त्याला थांबवतो.

हे पचनी पडायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला, यात नवल नाही. आपण रात्री अंथरुणावर डोळे मिटून पडतो तेव्हा या पेशी पूर्ण जोमात असतात आणि सकाळचे ऊन त्यांना गप्प करते. म्हणजे अंधार ही पडद्याची निवांत वेळ नव्हेच.

इथे कॅल्शियमचा प्रवेश होतो. पेशीच्या आवरणात कॅल्शियमला आत सोडणारी दारे असतात. खेकड्याच्या स्नायूत अशा प्रवाहाचा पहिला सुगावा पॉल फॅट आणि बर्नार्ड कात्झ यांना १९५३ मध्ये लागला होता. दंडपेशीच्या टोकाशी अशी दारे अंधारात उघडी राहतात, आत येणारे कॅल्शियम ग्लुटामेट नावाचे रसायन सतत झिरपवत ठेवते. उजेड पडला, पेशीचा दाब ऋण झाला, दारे बंद झाली आणि ग्लुटामेट थांबले. मेंदूत इतरत्र ग्लुटामेट चेतवणारे आहे. पण उजेड सुरू झाल्याची बातमी देणाऱ्या द्विध्रुवी पेशींवर ते आवर घालते, त्यांना दाबून धरते. ग्लुटामेट थांबले की तो आवर उठतो, त्या पेशी उसळतात आणि आलेखावर उंच ‘बी’ लाट उमटते. १९८१ साली माल्कम स्लॉटर आणि रॉबर्ट मिलर यांनी ग्लुटामेटसारखे वागणारे एक रसायन वापरून नेमक्या याच पेशींचा प्रतिसाद बंद पाडून दाखवला. तेच रसायन माकडाच्या डोळ्यात सोडल्यावर ‘बी’ लाट गेली आणि ‘ए’ राहिली. शुबर्ट-बोर्नशाइनचा आलेख औषधाने हुबेहूब तयार झाला होता.

आवर घालणारी खास रसायने मेंदूत दोन: गाबा आणि ग्लायसीन. गाबा मेंदूत सापडले १९५० साली. मेंदूच्या अर्कातला आवर घालणारा घटक म्हणजे हेच, हे १९५७ मध्ये सिद्ध झाले. पडद्यात दोन्ही भरपूर आहेत. त्यांची खूण आलेखावर दिसते ती ‘बी’ लाटेच्या चढावर. लख्ख झोत टाकला की त्या चढावर चार-पाच बारीक कंगोरे उमटतात. कॉब आणि मॉर्टन यांनी ते १९५४ मध्ये टिपले. सत्तरच्या दशकात प्राण्यांच्या डोळ्यात ग्लायसीन किंवा गाबाशी संबंधित रसायने सोडून पाहिली, तर मोठ्या लाटा बऱ्याच अंशी टिकून राहिल्या आणि कंगोरे विरघळले. म्हणजे ते कंगोरे आतल्या थरात आवर घालणाऱ्या पेशी आणि त्यांचे शेजारी यांच्या देवाणघेवाणीतून येतात. मधुमेहात पडद्यावर डाग दिसण्याच्या आधीच हे कंगोरे मंदावलेले आढळतात.

आणि बाहेरच्या थरात? १९७१ साली बेलर, फुओर्तेस आणि ओब्रायन यांनी कासवाच्या पडद्यात दाखवले की आडव्या पेशी शंकुपेशींना उलट निरोप पाठवतात आणि शेजारी उजेड असेल तर त्यांना आवरतात. तो आवर नेमका कुठे बसतो, याचे उत्तर १९९६ मध्ये हॉलंडमधल्या फर्वाय, कामरमान्स आणि स्पेक्रेज यांच्या सोनमाशावरच्या कामातून आले: आडवी पेशी शंकुपेशीच्या कॅल्शियमच्या दारांवरच काम करते. कोणत्या दाबाला ती उघडायची, ती पातळीच सरकवते. हा निरोप गाबाने जातो, आम्लतेने जातो की थेट विजेने, यावर तज्ज्ञांचे वाद चालू आहेत, ते त्यांच्यावर सोडू. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर दुवा हाच आहे. माख यांना करड्या पट्ट्यांच्या जोडावर जे दिसले, ते या दारांशी येऊन पोहोचले.

या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला. सिद्दीकी आणि कॅलिफोर्नियाचे सीमोर बेंझर यांनी १९७६ मध्ये फळमाशीच्या अशा जातींवर शोधनिबंध लिहिला, ज्या ऊब वाढली की लुळ्या पडतात आणि गारव्यात पुन्हा उडू लागतात. मज्जातंतूंतली वीज जीनपर्यंत नेऊन भिडवण्याचा तो काळ. माशीच्या डोळ्याचा ईआरजी हे त्या काळातले हुकमी साधन होते: बेंझर आणि योशिकी होत्ता यांनी १९६९ मध्येच आंधळ्या माश्या त्यावरून वेगळ्या काढल्या होत्या. माशीचा कारभार आपल्या उलट. तिची पेशी उजेडात चेतते, पण ती जे हिस्टामिन सोडते ते पुढच्या पेशीला दाबते, हे रॉजर हार्डी यांनी १९८९ मध्ये दाखवले. आवर माशीतही आहे, फक्त एक पायरी पुढे.

१९९८ हे वर्ष या सगळ्या धाग्यांना एकत्र आणणारे. जपानच्या नागोयाचे योझो मियाके यांनी १९८६ मध्येच जन्मजात, न वाढणाऱ्या रातांधळेपणाचे पूर्ण आणि अपूर्ण असे दोन प्रकार आलेखावरून वेगळे केले होते. १९९८ साली जर्मनीतल्या आणि कॅनडातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे सांगितले की अपूर्ण प्रकारात दंडपेशी-शंकुपेशींच्या टोकाकडचे कॅल्शियमचे दार घडवणारा जीन बिघडलेला असतो. कॅनडातल्या गटाने पश्चिम कॅनडातल्या मेनोनाइट पंथाच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. त्याच वर्षी जेफ्री हॉल यांच्या गटाने फळमाशीच्या ‘नाइटब्लाइंड-ए’ या जातीचा दोषही कॅल्शियमच्या दाराच्या जीनमध्येच असल्याचे मांडले. पूर्ण प्रकाराचा छडा पुढच्या दशकात लागला. २००९ मध्ये माणसात जो जीन हाती आला, तो माशीच्या डोळ्यातून प्रसिद्ध झालेल्या ‘टीआरपी’ घराण्यातला होता. ठिपक्यांच्या अॅपलूसा घोड्यांच्या रातांधळेपणात त्याच जीनकडे बोट आदल्याच वर्षी दाखवले गेले होते. दंडपेशीचा निरोप कुठे अडतो, या १९५२ च्या प्रश्नाला अशी दोन उत्तरे मिळाली. अपूर्ण प्रकारात देणाऱ्याचे कॅल्शियमचे दार बिघडलेले, पूर्ण प्रकारात घेणाऱ्या पेशीची व्यवस्था.

या ज्ञानाची गरज औषधांच्या दुष्परिणामांतही पडली. व्हिगाबॅट्रिन हे मेंदूतले गाबा वाढवणारे औषध तान्ह्या बाळांच्या एका कठीण आकडीवर वापरतात, आपल्याकडेही. १९९७ साली ब्रिटनमधून पहिला इशारा आला की ते घेणाऱ्यांच्या नजरेचा घेर कडेने आकसतो. मेंदूसाठी दिलेले गाबा पडद्यातही साचत होते. बाळ घेराची तपासणी देऊ शकत नाही. तिथे ईआरजीचाच आधार.

आज ही तपासणी जगभर एकाच पद्धतीने होते. तिचे प्रमाण १९८९ मध्ये ठरले. बाहुली थेंबांनी मोठी करायची, निदान २० मिनिटे पूर्ण अंधारात बसवायचे, मग तार लावून आधी मंद आणि मग लख्ख झोत द्यायचा. मोतीबिंदू कितीही दाट असला तरी लख्ख झोत पडद्यापर्यंत जातो आणि पडदा शाबूत असेल तर उत्तर देतो. वीज मिलिव्होल्टच्याही खालची, पण नेत्रशल्यविशारदाला तेवढी पुरते. रातांधळ्या मुलाच्या आलेखात ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही मावळलेल्या दिसल्या तर काळजी मोठी, कारण त्यामागे वाढत जाणारा आजार असू शकतो. ‘ए’ भरदार आणि ‘बी’ गायब, अशी जोडी दिसली आणि जीनची तपासणीही तेच म्हणाली, तर आईबापांना धीर देता येतो की हे सहसा वाढत नाही. पोराला चष्मा लागेल, रात्री मोटारसायकल नको, पण शाळा-कॉलेज सगळे होईल. कॅल्शियमच्या दाराचा तो जीन एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे दोष बहुधा मुलग्यांत दिसतो आणि आईकडून येतो, म्हणून मावशीच्या मुलांचेही डोळे तपासायला हवेत. पूर्ण प्रकारातला २००९ चा जीन मात्र दोन्हीकडून आला तरच त्रास देतो. मामाच्या मुलीशी लग्न ठरवणाऱ्या आपल्या भागातल्या घरांनी, घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर, सोयरीक जुळवण्याआधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.